एनडीएम, ऑक्सा-४८, ईएसबीएल: झटपट तपासणीबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या धंतोलीत जितके दवाखाने, तितकेच बाहेरच्या ओट्यांवर बसलेले नातेवाईक. कोणी गोंदियाचं, कोणी वणीचं, कोणी पार बालाघाटहून आलेलं. मी इथल्या एका खासगी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम बघते. नातेवाइकांचे प्रश्न एक, रेसिडेंट डॉक्टरांचे दुसरे आणि तालुक्याच्या गावी लॅब चालवणाऱ्यांचे तिसरेच. इथे तिन्ही एकत्र आले आहेत, सगळे जिवाणूंची औषध फोडणारी एन्झाइम लवकर ओळखणाऱ्या तपासण्यांबद्दलचे. वरच्या शीर्षकातली नावं अशाच एन्झाइमांची. आपल्या कामाचं असेल तेवढं वाचावं.

कल्चरचा रिपोर्ट अजून काहून नाही आला? तीन दिवस होऊन राहिले.

कारण जिवाणू वाढावे लागतात आणि त्यांना आपली घाई कळत नाही. रक्ताची बाटली यंत्रात ठेवली की तिच्यात वाढ दिसायला बहुतेक वेळा १२ ते २४ तास लागतात. मग ते रक्त प्लेटवर पसरायचं, रात्रभर वाढवायचं, जिवाणू कोणता ते ओळखायचं आणि त्यानंतर कोणतं औषध लागू पडतं ते पाहायला आणखी एक रात्र. सोमवारी सकाळी घेतलेल्या रक्ताचा पूर्ण रिपोर्ट बुधवारी किंवा गुरुवारी येतो, तो असा.

झटपट तपासणीने यातली शेवटची रात्र वाचते. प्लेटवर वसाहती, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, दिसले की त्याच दुपारी आम्ही सांगू शकतो की या जिवाणूकडे मेरोपेनेम हे राखीव अँटिबायोटिक फोडणारं एन्झाइम आहे की नाही. पूर्ण रिपोर्ट तरीही दुसऱ्या दिवशीच. झटपट तपासणी एका छोट्या प्रश्नाचं उत्तर देते, सगळ्या प्रश्नांचं नाही. हे एवढं लक्षात राहिलं तर खालचे निम्मे गोंधळ होणार नाहीत.

एन्झाइम म्हणजे काय? ते औषधाचं काय करतं?

शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम या सगळ्या औषधांच्या रेणूत बीटा-लॅक्टम नावाची चार अणूंची एक कडी असते. औषधाचा सगळा जोर त्या कडीत. काही जिवाणू ती कडी फोडणारं एन्झाइम तयार करतात, त्याचं नाव बीटा-लॅक्टमेज. कडी फुटली की सलाइनमधून जातंय ते औषध असून नसल्यासारखं.

ही गोष्ट नवी नाही. ऑक्सफर्डमध्ये एब्रॅहम आणि चेन यांनी पेनिसिलिन फोडणाऱ्या एन्झाइमची नोंद १९४० सालीच केली होती. तेव्हा पेनिसिलिन रुग्णांना नियमित मिळायलाही लागलं नव्हतं. नंतर प्रत्येक नव्या औषधामागे नवं एन्झाइम येत गेलं. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स फोडतं ते ईएसबीएल. मेरोपेनेम, इमिपेनेमसारखी राखून ठेवलेली औषधं फोडतं ते कार्बापेनेमेज. या पानावर मुख्यतः त्या शेवटच्या प्रकाराबद्दल लिहिलं आहे, कारण आयसीयूतली धावपळ त्याच्यापायी होते.

‘एनडीएम पॉझिटिव्ह’ म्हणजे एचआयव्ही पॉझिटिव्हसारखं काही आहे का?

नाही. हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज आपोआप खाली जातो, म्हणून उत्तर मोठ्याने देते: नाही. पॉझिटिव्ह आहे तो जिवाणू, माणूस नव्हे. एनडीएम (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) हे त्या जिवाणूने बनवलेल्या एन्झाइमचं नाव आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही. उलट पुढच्या दवाखान्यात गेलात तर तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि रिपोर्टची प्रत फाइलला लावून ठेवा.

नाव ‘न्यू दिल्ली’ कसं पडलं?

स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत २००८ साली एनडीएम बनवणारा जिवाणू सापडला. त्याआधी त्या रुग्णावर नवी दिल्लीत उपचार झाले होते. २००९ साली शोधनिबंध आला तेव्हा ते एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाला त्या शहराचं नाव मिळालं. आपल्याकडे त्यावर बराच गदारोळ झाला, आणि शहराच्या नावाने बदनामी नको ही तक्रार मला गैर वाटत नाही. पण २०११ साली दिल्लीतल्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांमध्ये हेच जनुक होतं. म्हणजे प्रश्न दवाखान्याच्या भिंतीआड थांबलेला नव्हता. बाकी एन्झाइमांचीही आपापली गावं आहेत. केपीसी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातून आलं, ऑक्सा-४८ इस्तंबूलहून. त्यांना गावाची नावं चिकटली नाहीत, एवढंच.

कार्बा एनपी ही रंगाची चाचणी नेमकी कशी करतात?

कार्बापेनेमेज ओळखणारी ही चाचणी नॉर्डमन आणि पॉइरेल या संशोधकांच्या गटाने २०१२ साली मांडली, आणि माझी ती आवडती, कारण सगळं डोळ्यांसमोर घडतं. कडी फुटली की आम्ल तयार होतं. द्रावणात फिनॉल रेड हा दर्शक घातलेला असतो. आम्ल वाढलं की तो लाल रंग सोडून पिवळा होतो.

दोन छोट्या ट्यूब घ्यायच्या. दोन्हींत जिवाणूंच्या वसाहती फोडून घालायच्या, फिनॉल रेड आणि झिंक सल्फेट घालायचं. इमिपेनेम मात्र एकाच ट्यूबमध्ये. झिंक कशाला? एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी या एन्झाइमांना कामाला जस्त लागतं. ते नसेल तर एन्झाइम असूनही गप्प बसेल. मग ३५ अंशांवर ठेवायचं आणि जास्तीत जास्त दोन तास वाट पाहायची. पुष्कळदा एनडीएमवाली ट्यूब त्याच्या कितीतरी आधी पिवळी पडलेली असते. इमिपेनेम नसलेली ट्यूब लालच राहायला हवी. तीही पिवळी झाली तर चाचणी बाद, पुन्हा करा.

खरी गंमत मधल्या रंगाची. नियमाप्रमाणे फिकट नारिंगी, गडद पिवळा आणि पिवळा म्हणजे पॉझिटिव्ह. लाल आणि लालसर नारिंगी म्हणजे निगेटिव्ह. आणि नुसता नारिंगी असेल तर निकाल ग्राह्य नाही. आता नागपुरात नारिंगीवरून वाद होणार नाही तर कुठे होणार? आमचा टेक्निशियन ट्यूब उजेडाला धरून विचारतो, “मॅडम, हा आंबिया बहार की मृग बहार?” विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा आहे. ट्यूब पांढऱ्या कागदावर धरा, दोन जणांनी वेगवेगळी पाहा, आणि शंका राहिली तर दुसऱ्या पद्धतीने करा.

आमच्याकडे तीच चाचणी नेहमी फसते. काय चुकत असेल?

तालुक्याच्या लॅबमधून येणारा हा प्रश्न. पहिला संशय मॅककॉन्की प्लेटवर. आपल्याकडे सगळं काम मॅककॉन्कीवर चालतं, पण त्या माध्यमावरच्या वसाहती या चाचणीला चालत नाहीत. ब्लड अगर किंवा म्युलर-हिंटन या माध्यमांवरून घ्या. दुसरा संशय इमिपेनेमवर. द्रावणात ते लवकर खराब होतं. फ्रिजमध्ये ४ ते ८ अंशांवर ठेवलं तरी तीन दिवसांच्या वर वापरायचं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना दुपारी दोन तास वीज गेली आणि फ्रिज बंद राहिला, तर बाटलीवरची तारीख काहीही असो, ते द्रावण टाकून द्या. तिसरं, वसाहत फार बुळबुळीत असेल तर एन्झाइम नीट बाहेर येत नाही आणि खोटा निगेटिव्ह मिळतो. चौथं, दर वेळी एक माहितीतला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह जिवाणू सोबत चालवा. ते चालवले नाहीत तर रंग कोणताही आला तरी त्याला काही अर्थ नाही.

ऑक्सा-४८ च्या घराण्यातली एन्झाइम या चाचणीत बरेचदा निसटतात, कारण ती कडी हळू फोडतात. भारतात एनडीएमच्या जोडीला हेच घराणं जास्त दिसतं, म्हणून ही उणीव आपल्याला परवडणारी नाही.

मग पट्टीची टेस्ट बरी का? गरोदरपणाच्या कार्डासारखी असते ती?

दिसायला तशीच. वसाहत बफरमध्ये घोळून थेंब कार्डावर टाकायचे, १५ मिनिटांत रेघा वाचायच्या. ती औषध फुटतं का ते पाहत नाही. एन्झाइमचं प्रथिनच प्रतिपिंडांनी पकडते. केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी आणि ऑक्सा-४८ या पाचांना वेगवेगळ्या रेघा असलेली कार्डं मिळतात. फिकट रेघ हीसुद्धा रेघच. फक्त नियंत्रणाची रेघ आली पाहिजे.

हिचा मोठा फायदा म्हणजे ‘आहे’ एवढ्यावर न थांबता ‘कोणतं आहे’ हेही कळतं. एनडीएम आणि ऑक्सा-४८ दोन्ही एकाच जिवाणूत असतील तर दोन रेघा येतात. औषध निवडताना हीच माहिती उपयोगी पडते. तोटा असा की कार्ड महाग आहे आणि जे एन्झाइम त्यावर नाही, ते तिला दिसतच नाही.

टीबीचं सीबीनॅट यंत्र आहे आमच्याकडे. त्यावर होईल का?

कार्ट्रिज वेगळी लागते, यंत्र तेच. त्याच पाच घराण्यांची जनुकं ते सुमारे पाऊण तासात शोधतं, आणि गुदद्वाराच्या स्वॅबवरूनही चालतं, म्हणजे कल्चरची वाट पाहायला नको. दुसऱ्या आयसीयूतून आलेल्या रुग्णाला कुठे ठेवायचं हे ठरवायला उत्तम. पण जनुक सापडलं म्हणजे जिवाणू जिवंत आहे असं नाही, आणि त्याच जिवाणूने ताप आणलाय असंही नाही.

आमची छोटी लॅब आहे, यातलं काहीच परवडत नाही.

तर एमसीआयएम करा. एवढी स्वस्त आणि भरवशाची पद्धत दुसरी नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती का रुजत नाही हे मला खरंच कळत नाही. नेहमीच्या वापरातली १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क (औषध लावलेली कागदी चकती) लागते, बस.

दोन मिलिलिटर ट्रिप्टिक सॉय ब्रॉथमध्ये जिवाणू घाला: क्लेबसिएला, ई. कोलाय असेल तर १ मायक्रोलिटरचा लूप भरून, स्यूडोमोनास असेल तर १० चा. त्यात डिस्क बुडवून ३५ अंशांवर चार तास ठेवा. एन्झाइम असेल तर तेवढ्या वेळात ते डिस्कमधलं मेरोपेनेम फस्त करतं. मग डिस्क बाहेर काढा, ट्यूबच्या कडेला टेकवून जास्तीचं पाणी निथळू द्या आणि म्युलर-हिंटन प्लेटवर ठेवा. त्या प्लेटवर आधी साधा, मेरोपेनेमने मरणारा ई. कोलाय (एटीसीसी २५९२२ हा प्रमाणित वाण) पसरलेला असावा. दुसऱ्या दिवशी डिस्कभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ मोजा. ६ ते १५ मिलिमीटर असेल तर पॉझिटिव्ह. डिस्कमध्ये औषध उरलंच नव्हतं. १९ किंवा जास्त असेल तर निगेटिव्ह. १६ ते १८ मध्ये वर्तुळात बारीक वसाहती दिसल्या तर पॉझिटिव्ह, नाहीतर अनिश्चित.

सोबत दुसरी ट्यूब लावून तिच्यात ०.५ मोलर ईडीटीए २० मायक्रोलिटर घातलं तर आणखी एक गोष्ट कळते. ईडीटीए जस्त ओढून घेतं, त्यामुळे एनडीएमसारखं जस्तावर चालणारं एन्झाइम बंद पडतं. या ट्यूबमधल्या डिस्कचं वर्तुळ पहिल्यापेक्षा ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठं आलं तर ते मेटॅलो एन्झाइम. पहिली चाचणी पॉझिटिव्ह असेल तरच दुसरी वाचायची.

रात्र जाते हे खरं. पण मुख्य सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडतं ती तपासणी) लावतो त्याच दिवशी ही लावली तर वेगळा दिवस जात नाही. जुनी मॉडिफाइड हॉज टेस्ट अजून कोणी करत असेल तर सोडून द्या. प्रयोगशाळांचे मापदंड ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेने २०१८ मध्येच ती काढून टाकली, आणि एनडीएमच्या बाबतीत ती तशीही डोळे मिटूनच बसायची.

झटपट टेस्ट निगेटिव्ह आली. मेरोपेनेम चालू ठेवू?

नाही, फक्त तेवढ्यावर नाही. रेसिडेंट मंडळींची सगळ्यात महागात पडणारी चूक ही. औषध फोडणारं एन्झाइम नसलं तरी जिवाणू औषधाला आतच येऊ देत नाही असं होतं. भिंतीतली छिद्रं तो कमी करतो, जोडीला ईएसबीएल किंवा एएमपीसी ही दुसरी एन्झाइम भरपूर बनवतो, आणि मेरोपेनेम निकामी ठरतं. चाचणीने सांगितलं ‘कार्बापेनेमेज दिसलं नाही’. ‘औषध लागू पडेल’ असं ती म्हणालीच नव्हती. ते सेन्सिटिव्हिटीचं काम.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला अ‍ॅसिनेटोबॅक्टर आहे. कार्डावर पाचही रेघा नाहीत, पण रिपोर्ट सगळ्या औषधांना रेझिस्टंट. लॅबची चूक?

चूक नाही. अ‍ॅसिनेटोबॅक्टरचं नेहमीचं हत्यार ऑक्सा-२३, आणि पाच रेघांच्या कार्डावर त्याला जागाच नाही. कार्बा एनपीही त्याच्यावर नीट चालत नाही, एमसीआयएमही त्याच्यासाठी नाही. या जिवाणूसाठी सेन्सिटिव्हिटीवरच भिस्त ठेवा.

एनडीएम आलं. डॉक्टर एक महागडं इंजेक्शन लिहून देताहेत. ते लागू पडेल का?

औषध ठरवणं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण एन्झाइमचं नाव कळल्याने काय फरक पडतो ते सांगते, कारण अनेकदा शेती गहाण पडते ती इथे.

सेफ्टाझिडीम-अ‍ॅविबॅक्टम हे केपीसी आणि ऑक्सा-४८ वर काम करतं. एनडीएमवर ते एकटं चालत नाही. अ‍ॅविबॅक्टम हा त्यातला एन्झाइम अडवणारा भाग, पण एनडीएमला तो अडवूच शकत नाही. अ‍ॅझ्ट्रिओनॅम या दुसऱ्या अँटिबायोटिकची गोष्ट उलटी. एनडीएम त्याला फोडत नाही, पण सोबत असलेलं ईएसबीएल फोडतं. म्हणून दोन्ही एकत्र देतात: अ‍ॅविबॅक्टम ईएसबीएलला धरून ठेवतं आणि अ‍ॅझ्ट्रिओनॅम आपलं काम करतं. तेव्हा नातेवाइकांनी डॉक्टरांना एवढं जरूर विचारावं: “साहेब, एन्झाइम कोणतं ते पाहिलं का?” यात उद्धटपणा नाही. आणि संसर्ग फक्त मूत्राशयाचा, साधा असेल तर नायट्रोफ्युरँटोइन किंवा फॉस्फोमायसिनसारखं जुनं औषधही कधी कधी पुरतं.

कोलिस्टिन सेन्सिटिव्ह आहे का, ते डिस्कवर पाहून सांगता का?

सांगत नाही. कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा रेणू मोठा आहे, अगरमध्ये नीट पसरत नाही, वर्तुळ फसवं येतं. त्यासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनसारखी, द्रव माध्यमात तपासायची पद्धत लागते.

रुग्णाला घरी नेल्यावर पोरांना लागण होईल का?

धडधाकट माणसाला धोका कमी. हे जिवाणू बहुतेक वेळा आतड्यात मुक्काम करून असतात, कधी कधी महिनोन्‌महिने, आणि काही त्रास देत नाहीत. पसरतात ते हातांवरून. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. कॅथेटर किंवा जखमेचं ड्रेसिंग घरी करत असाल तर आधीही धुवा, नंतरही. भांडी वेगळी, खोली वेगळी, नातवाला जवळ घ्यायचं नाही, असलं काही करू नका. एका आजींना घरच्यांनी महिनाभर गच्चीवरच्या खोलीत ठेवलं होतं, तेही उन्हाळ्यात. रिपोर्टपेक्षा त्या खोलीनेच त्यांचे जास्त हाल केले.

आम्ही चंद्रपूरहून नमुना पाठवतो. कसा पाठवावा?

एसटीने गणेशपेठच्या स्टँडवर डबा येतो आणि आमचा माणूस तो घेऊन येतो, ही पद्धत चांगली चालते. पण रक्ताच्या कल्चरची बाटली बर्फात ठेवू नका. लोक काळजीपोटी तेच करतात. थंडीत जिवाणू वाढत नाहीत, काही मरतातही. ती नेहमीच्या खोलीच्या तापमानाला हवी. नागपूरच्या मे महिन्यातलं ‘खोलीचं तापमान’ म्हणजे बसच्या टपाखालचं नव्हे. थर्माकोलच्या डब्यात, बर्फाशिवाय, ड्रायव्हरजवळ सावलीत. लघवीचं उलट: दोन तासांत पोचणार नसेल तर थंडच हवी. दोन्ही एका डब्यात कोंबले की एक तरी वाया जाणारच.

रक्त घ्यायचं ते अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. मोठ्या माणसाचं एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर, आणि दोन वेगळ्या जागांवरून. तीन मिलिलिटर रक्त पाठवून १५ मिनिटांच्या टेस्टची अपेक्षा करणं म्हणजे विहीर कोरडी आणि मोटर पाच एचपीची.

वसाहतीची वाट न पाहता थेट रक्ताच्या बाटलीवरून काही करता येतं का?

येतं. बाटली पॉझिटिव्ह झाली की त्यातलं १०० ते १५० मायक्रोलिटर रक्त थेट म्युलर-हिंटनवर पसरून डिस्क लावायच्या आणि ४, ६ व ८ तासांनी वर्तुळं मोजायची. युरोपच्या युकास्ट समितीची ही पद्धत आहे. तिचे मापदंड नेहमीच्या तक्त्यापेक्षा वेगळे असतात, ते विसरू नका. कार्डाची चाचणीही बाटलीतले जिवाणू सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळे काढून काही ठिकाणी करतात. आपल्या लॅबमध्ये आधी पडताळून पाहिल्याशिवाय मात्र तसा रिपोर्ट देऊ नये.

मेडिकल स्टोअरमधून सेफिक्झिमची स्ट्रिप घेतली तर बिघडलं काय?

ते शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे. मार्च २०१४ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि दुकानदाराला त्याची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. कायद्याचं राहू द्या. दोन गोळ्या खाऊन मग कल्चरला आलात तर प्लेटवर काहीच वाढत नाही, आणि आमच्या सगळ्या झटपट चाचण्या कोरड्या प्लेटकडे बघत बसतात.

रिपोर्ट तयार झाल्यावर आम्हाला कधी कळतं?

हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो. एका रात्री साडेअकराला कार्डावर एनडीएमची रेघ आली. आम्ही वॉर्डात फोन लावला. वाजत राहिला. फॉर्मवर डॉक्टरांचा नंबर नव्हता, होता तो पेशंटच्या भाच्याचा, आणि तो भाचा यवतमाळला. सकाळी साडेनऊला कागद काउंटरवरून गेला, तोवर मेरोपेनेमचे आणखी दोन डोस झाले होते. १५ मिनिटांची टेस्ट, दहा तासांचा प्रवास; वॉर्ड आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर.

म्हणून फॉर्म भरताना एवढं लिहा: रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर, नमुना घेतल्याची वेळ, आधीची अँटिबायोटिक्स आणि गेल्या काही महिन्यांत कुठे भरती होता ते. पेशंटच्या भाच्याचा नंबरही लिहा, पण दुसऱ्या ओळीत.